तारा वर गेल्यात, काळी एक लागत नाहीये, अँप गुणगुणतोय : गिटारवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : मुलीची दहावी झाली म्हणून मे महिन्यात तिला साडेसात हजारांची अकौस्टिक गिटार घेऊन दिली. जूनपर्यंत मस्त वाजवत होती, आता ऑगस्टमध्ये म्हणते तारा दाबल्याच जात नाहीत, एफ कॉर्डला तर रडकुंडीला येते. क्लासचे सर म्हणतात गिटारच हलकी आहे, वीस हजारांची घ्या. घेऊ का? – एक आई, कोथरूड

उत्तर : ताई, पाकीट आत ठेवा. आधी सेटअप करून घ्या, म्हणजे तारांची उंची, मानेचा बाक वगैरे जुळवून घ्या, मग बघू. मे महिन्यात आपल्याकडे वाळत घातलेले कपडे तासाभरात कडकडीत होतात आणि आता पावसात दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तीच हवा गिटारलाही लागते ना. तिला मानवतो साधारण ४५ ते ५५ टक्के दमटपणा, पुण्यात सध्या तो सहज ८०च्या वर असतो, मग लाकूड ओल पितं, फुगतं, ब्रिजच्या, म्हणजे खाली तारा अडकवतात त्या पट्टीच्या मागे पोट येतं आणि तारा वर जातात.

स्टीलची पट्टी घ्या, जिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो अशी. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून सगळ्यात जाड तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजा. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक, साडेतीन असेल तर सरांचीही बोटं दुखतील.

आता एफचं बोलू. तिथे खरा गुन्हेगार बहुतेक वेळा नट असतो, म्हणजे खुंट्यांच्या खालची ती पांढरी पट्टी जिच्या खाचांतून तारा जातात. स्वस्त गिटारींत या खाचा बऱ्याचदा उथळच सोडलेल्या असतात. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर डोकावून बघा, तार आणि फ्रेटमध्ये केसाएवढी फट दिसली पाहिजे. तिथून व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकत असेल तर नट उंच आहे, आणि एफ पहिल्याच फ्रेटवर धरायचा असल्यामुळे सगळा जोर तिथेच जातो, पोरीचा काही दोष नाही. खाचा खोल करायचं काम मात्र गिटार रिपेअर करणाऱ्याकडेच द्या, एक घाव जास्त बसला की मोकळी तार खरखरते आणि नटच बदलावा लागतो.

सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती बारीक पट्टी, घासून तारा खाली आणू असं कोणी म्हणालं तर आत्ता नको म्हणा. बाराव्या फ्रेटवर १ मिलिमीटर कमी करायला सॅडल २ मिलिमीटर घासावा लागतो, आणि आज पोट फुगलेलं असताना घासलात तर ते एप्रिलमध्ये बसल्यावर तारा फ्रेटला टेकतील. फारच अडलं असेल तर दुसरा बुटका सॅडल करून घ्या, जुना डबीत जपून ठेवा. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, मानेचा बाक सरळ करायला असतो, तारा खालीवर करायला नाही, आणि तो पाव फेऱ्याच्या वर एका दमात फिरवणाऱ्याच्या हातात गिटार देऊ नका. तोपर्यंत बाराचा सेट असेल तर दहाचा लावा, म्हणजे पहिली तार ०.०१० इंचाची, ताण कमी होतो आणि पोटालाही जरा आराम पडतो. गिटार बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, ओल आलेल्या भिंतीवर अडकवू नका.

प्रश्न : मैत्रीण भावगीतं काळी एकमध्ये (सी शार्पमध्ये) गाते. मी सगळ्या तारा अर्धा सूर चढवल्या तर पहिली तुटलीच. जाड तारा लावू का? – बिबवेवाडी

उत्तर : अहो, कॅपो लावा की, मानेवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा तो चिमटा! अर्धा सूर चढवला की प्रत्येक तारेवरचा ताण जवळजवळ १२ टक्क्यांनी वाढतो, जाड तार लावलीत तर आणखीच, आणि तो सगळा ब्रिज ओढतो. कॅपो पहिल्या फ्रेटवर, सी चा आकार धरा, झाली काळी एक. कॅपो फ्रेटला अगदी चिकटून बसवा आणि लावल्यावर परत ट्यून करा. सोबत पेटी असेल तर ट्यूनर ॲपवरच्या ४४० हर्ट्झला कवटाळून बसू नका, पेटी काही ऐनवेळी हलणार नाही, तिच्याशी तुम्हीच मिळवून घ्या.

प्रश्न : फिरोदिया करंडकाच्या कॉलेज टीममध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. सदाशिव पेठेत जुन्या वाड्यात रूम आहे, तिथे अँप (अँप्लिफायर) लावला की भुंऽऽ सुरू. तारांना हात लावला की कमी होतं. नॉइज गेट घेऊ का?

उत्तर : अरे, पैसे वाचव. गेट फक्त तू थांबलास की आवाज बंद करतो, वाजवताना गुणगुण आहे तिथेच. गिटार गळ्यात घालून जागेवर हळूहळू गोल फिर. एका दिशेला आवाज पडला तर तुझे सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज पकडणारी वेटोळी) आसपासच्या विजेचा ५० हर्ट्झ पकडतायत, चार्जर, ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर यांच्यापासून लांब बस. हात लावल्यावर कमी होणं नॉर्मल आहे, तारा अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे गिटारच्या आत वायरिंग असतं त्या खाचेला कॉपर टेपचं शील्डिंग केलंस तर बराच फरक पडेल, टेपसाठी तापकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या सामानाच्या बाजारात, एक चक्कर मार.

पण आधी प्लग बघ. जुन्या वाड्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घे, आणि भुणभुण जाते म्हणून अर्थची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर त्याला हाकलून दे. तारांवर हात ठेवून माइकला ओठ लागले आणि झिणझिण्या आल्या तर त्या क्षणी बंद कर, लाडाने घेण्याची गोष्ट नाही ती.

प्रश्न : फ्रेटबोर्डला खोबरेल चालतं का? – वाघोली

उत्तर : नाही. चिकट होतं, धूळ धरतं, काही दिवसांनी वासही येतो. रोझवूड कोरडं पडलं असेल तर गिटारसाठी मिळणारं लेमन ऑइल वर्षातून एक-दोनदा, थेंबभर लावायचं आणि लगेच पुसायचं. पॉलिश केलेलं मेपल असेल तर तेलबिल काही नको, किंचित ओला फडका फिरवा आणि कोरड्याने पुसून टाका.