शॉर्टफिल्मसाठी हायब्रिड (फोटो-व्हिडिओ दोन्ही करणारा कॅमेरा) घेऊ की ब्लॅकमॅजिक पॉकेट 4के हा सिनेमा कॅमेरा, असं विचारतोयस ना? लग्नाचं पण काम करणार असशील तर हायब्रिडच घे भावा

हे बघ, हळदीत नवरी एका जागी थांबत नाही, सप्तपदी परत होत नाही, तिथे ऑटोफोकस पाहिजेच आणि मधूनच फोटोही मागतात. ब्लॅकमॅजिक पॉकेट 4के ची रॉ फाइल (जवळपास कच्चा डेटा) ग्रेडिंगला, म्हणजे नंतर रंग सुधारायला, झकास आहे, खोटं नाही बोलणार, पण त्यात कंटिन्युअस ऑटोफोकस नाही, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हातातली थरथर सावरणारी सोय) नाही, बॅटरी पटापट उतरते आणि 4के रॉ तासाला 100 जीबी सहज खातं म्हणजे एसएसडीचा खर्च वेगळा धर.

फक्त शॉर्टफिल्मच करायच्या असतील, फोकस हाताने ओढायची तयारी असेल तर मात्र पॉकेट जरूर घे. मधला रस्ता सोनी एफएक्स30 हा व्हिडिओकडे झुकलेला कॅमेरा, ऑटोफोकस आहे, आत फॅन आहे म्हणून उन्हाळ्यात लांब रेकॉर्डिंगला बरा, फक्त व्ह्यूफाइंडर नाही, फोटोवाल्याला ते खटकतं.

आणि एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी गडद काच) विसरू नको रे! नाशिकच्या रामकुंडावर भर दुपारी सेकंदाला 25 फ्रेम, 1/50 शटर, एफएक्स30 च्या लॉगमध्ये (ग्रेडिंगसाठीचं फिकं चित्र) बेस आयएसओ, म्हणजे मूळ संवेदनशीलता, 800, एवढं लावलं की लेन्सचं छिद्र मोठं उघडं ठेवताच येत नाही, घाटाच्या पायऱ्या पांढऱ्याफटक होतात, आणि एफएक्स30 काय पॉकेट 4के काय, दोन्हींत आतला एनडी नाही. शटर वाढवून भागवू नको, हालचाल तुटक दिसते. संध्याकाळी लॉनवरच्या लाइटिंगला पण 1/50 च ठेव, आपली वीज 50 हर्ट्झची, फ्लिकर (दिव्यांची लुकलुक) कमी येतो.

आधी हायब्रिड आणि पॉकेट दोन्ही भाड्याने घे, गोदेच्या आरतीला चालव, मग पैसे टाक.