मागच्या दारातला कप

चि. लेकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात शाळेत तुम्हाला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांवरचा माहितीपट दाखवला. त्यात गोऱ्यांसाठी एक आणि काळ्यांसाठी दुसरा असे पाणी पिण्याचे दोन नळ होते. त्या रात्री जेवताना तू मला विचारलेस की कोल्हापूरला आजीच्या मागच्या दाराशी, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला, कान तुटलेला कप कोणाचा आहे आणि तो बाकीच्या कपांबरोबर फडताळात का ठेवत नाहीत. ‘भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा,’ एवढेच सांगून मी तुला आणखी भात वाढला. तेव्हा जे टाळले ते आज लिहिते आहे.

तो कप वेगळा आहे, कारण मावशी ज्या जातीत जन्मल्या त्या जातीच्या ओठांना लागलेले भांडे आपल्या घरात विटाळलेले मानत. आता आजी विटाळ हा शब्द उच्चारत नाही. ‘ज्याचा त्याचा कप बरा,’ असे म्हणते. पण तुझा, माझा किंवा शेजारच्या काकूंचा कप काही वेगळा नसतो.

तुला सर्वांत आधी सांगावीशी वाटते ती गोष्ट याच गावातली आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गंगाराम कांबळे नावाचे नोकर होते. मराठा नोकरांसाठी राखलेल्या हौदाला त्यांनी हात लावला म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज तेव्हा गावात नव्हते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला मदत दिली. गंगारामांनी ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल थाटले. हॉटेल स्वच्छ होते, चहा चांगला होता, तरी स्पृश्य गिऱ्हाईक पायरी चढेना. हे कळल्यावर महाराज आपली गाडी तिथे थांबवून चहा मागवू लागले, तो स्वतः पिऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. राजाने घेतलेला कप नाकारायचे धाडस बरोबरच्यांपैकी कोण करणार?

ही गोष्ट मी शाळेत दरवर्षी, २६ जूनच्या जयंतीला ऐकली. भाषणेही केली, एकदा बक्षीसही मिळाले. बक्षीस घेऊन घरी आले तेव्हा मावशी मागच्या पायरीवर बसून त्याच कपातून चहा पीत होत्या आणि आई किटली उंच धरून, कपाला स्पर्श होऊ न देता चहा ओतत होती. ते दृश्य आणि माझे भाषण यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे मला तेव्हा वाटले नाही, याचे आज मला फार वाईट वाटते. माझ्या भाषणात गंगाराम कांबळे फक्त महाराजांचा मोठेपणा दिसावा म्हणून येत असत. मार खाताना त्यांना काय वाटले असेल, दिवसभर चहा उकळत ठेवून रिकाम्या बाकांकडे पाहताना काय वाटले असेल, हे मी कधी मनात आणलेच नाही.

मला वाटते, मी वाचलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी माझ्या या नजरेला खतपाणी घातले. त्या वयात वाचनालयातून मी त्या एकामागून एक आणत असे. पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ बांधून पुण्यात पाणी आणले, हौद भरले, शनिवारवाड्यात कारंजी उडाली, हे वाचताना अंगावर रोमांच उभे राहात. त्या हौदांवर कोणाला घागर बुडवता येत नव्हती, हा प्रश्न त्या पानांमध्ये नव्हता आणि मलाही पडला नाही. याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्याच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. तालीमखान्यापुढून मांग किंवा महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, असे तिने पेशवाईविषयी लिहून ठेवले आहे. तू आता तेरा वर्षांची आहेस. तो निबंध आपण दोघी मिळून वाचू. जुने मराठी तुला जड जाईल, पण मी शेजारी बसेन.

माहितीपटातले दोन नळ पाहून तुला महाड आठवले नसेल, कारण मी तुला महाडविषयी कधी सांगितलेच नव्हते. तिथले चवदार तळे नगरपालिकेने सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता, तरी अस्पृश्यांना त्यात हात घालता येत नव्हता. गुरे मात्र तिथे पाणी पीत. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्यायले. त्यानंतर जमावाने परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ले केले, आणि पुढे शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. वाद न्यायालयात गेला आणि मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला तो १९३७ साली. एक ओंजळ पाण्यासाठी दहा वर्षे! माणसाचा स्पर्श शेणामुताने धुऊन काढावासा वाटणाऱ्या त्या मनाचाच एक तुकडा आपल्या मागच्या खिडकीत पालथा पडून आहे, हे तुझ्या प्रश्नाने माझ्या लक्षात आणून दिले.

तू असेही विचारले होतेस की आजी वाईट आहे का. आजीने तुझ्या तापात रात्री जागवल्या आहेत. मावशींच्या मुलाची शाळेची फी तिने वर्षानुवर्षे भरली आहे. हे सगळे खरे आहे आणि तो कपही खरा आहे. यातले एक दाखवून दुसरे झाकायला मी तुला शिकवणार नाही.

काल मी आजीला फोन केला. कपाचे विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘माझ्या सासूबाईंनी ठेवलेला, मी तसाच चालू ठेवला.’ मी तिला सांगितले की डिसेंबरात आम्ही येऊ तेव्हा मावशींचा चहा मी स्वतः करीन आणि फडताळातल्या कपांत आम्ही सगळ्या आत, टेबलाशी बसून तो घेऊ. ती ‘नको’ म्हणाली नाही. मावशी येतील का आत, एवढेच तिने विचारले. त्याचे उत्तर मला देता आले नाही, कारण ते मावशींनी द्यायचे आहे.

शेवटी मी मावशींचे नाव विचारले. तीस वर्षे त्या आपल्या घरी येत आहेत, पण मला ते माहीत नव्हते, आणि आजीलाही आठवायला थोडा वेळ लागला. ते नाव मी इथे लिहीत नाही. डिसेंबरात तू ते त्यांनाच विचार.

तुझी,
आई