गॅरेजवाले काका : बाबांची लाल स्टॉर्म

प्रश्न : काका, बाबांची लाल सॅन स्टॉर्म आठ दिवसांपूर्वी खारघरला आमच्या सोसायटीबाहेरून चोरीला गेली. चावी घरातच आहे. पहाटे टोइंगची गाडी आली होती, असं वॉचमन सांगतो. एफआयआर झालाय. गाडीचा फोटो, चासी नंबर, माझा मोबाइल असं सगळं टाकून मी मेसेज फिरवला. काल एकाचा फोन आला, ‘गाडी भिवंडीत आहे, आधी वीस हजार पाठवा.’ बाबा नीट जेवत नाहीत. पैसे पाठवू का?
– एक वाचक, खारघर

उत्तर : एक रुपयाही पाठवू नकोस. तो नंबर आणि फोनची वेळ आजच तपास अधिकाऱ्याला दे.

तू सगळंच मेसेजमध्ये टाकलंस, त्यामुळे फोन करणाऱ्याने गाडी खरंच पाहिली का, हे ओळखायला तुझ्याकडे काही उरलं नाही. २००९ मध्ये चरईतून माझी फियाट गेली, तेव्हा मी फक्त रंग आणि नंबर सांगितला होता. आतल्या कप्प्याच्या झाकणावर बायकोने दसऱ्याला काढलेलं कुंकवाचं स्वस्तिक होतं, अर्धं पुसलेलं. ते कोणालाच सांगितलं नव्हतं. ‘गाडी बघितली’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारायचो, कप्प्याच्या झाकणावर काय आहे? तिघे तिथेच गळाले. कळव्याला पेपर टाकणाऱ्या पोराने मात्र काचेतून डोकावून बरोबर सांगितलं. मी त्याला तिथून लांब जायला सांगितलं आणि पोलिसांना घेऊन गेलो. तेव्हा बाबांजवळ बस आणि विचार, त्यांनाच ठाऊक असलेली एखादी खूण आहे का. शिवलेली सीट, बदललेला स्क्रू, काहीही. ती पोलिसांना सांग, मेसेजमध्ये टाकू नकोस.

आता वॉचमनचं बोलणं. चावी घरात आणि पहाटे टोइंगची गाडी, म्हणजे स्टॉर्म बहुधा चालत गेलीच नाही. ताडपत्रीखाली गेली असेल तर लाल गाडी कोणाला दिसणार? लोकांना त्या टोइंगच्या गाडीबद्दल विचार. कोपऱ्यावरचा दूधवाला, रात्रपाळीचे रिक्षावाले, मेडिकलवाला. कॅमेऱ्याचं जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, आठ दिवस आधीच गेलेत, म्हणून दुकानदारांना आजच भेट. रेकॉर्डिंग जपून ठेवा म्हणावं आणि पोलिसांना यादी दे. फास्टॅग बंद करू नकोस. वाशी, ऐरोलीला ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही, तिथून मेसेज येणार नाही. गाडी पुढे कधी चाकांवर उतरून एक्स्प्रेसवेला लागली आणि टॅग काचेवर असला, तर खालापूरच्या टोलनाक्यावर पैसे कापल्याचा मेसेज येईल.

मला खरी आशा दुसरीकडे वाटते. स्टॉर्म गोव्यात बनायची, दोन सीटची, फायबरची बॉडी, रेनॉचं इंजिन. पत्र्याचं काम करणारा प्रत्येक जण फायबरला हात लावत नाही. रंग बदलायचा, कोपरा दुरुस्त करायचा, तर चोराला फायबरवाल्याकडेच जावं लागेल. पार्ट सुटे विकले तरी घेणारे कोण? ज्यांच्याकडे स्टॉर्म आहे तेच, आणि ते एकमेकांना ओळखून असतात. त्यांना सांग, कोणी हूड, दरवाजा, दिवे विकायला काढले तर भाव करत बसू नका, फोटो ठेवा आणि कळवा. तुर्भे, तळोजातल्या फायबरवाल्यांकडे स्वतः जा, भावाला बरोबर घे.

पण गाडी दिसली म्हणून कोणी अंगावर जायचं नाही, तूही नाही. लांबून बघायचं आणि ११२ फिरवायचा. विमा कंपनीला लेखी कळवलं नसशील तर तेही आजच.

सापडली तर ती आधी पोलीस ठाण्यात जमा होईल आणि कोर्टाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा गाडी हजर करू अशा लेखी हमीवर, मिळेल. आरसी, विमा, एफआयआरची प्रत एका फाइलीत लावून ठेव. अशा गाड्या पोलीस ठाण्यात सडत ठेवू नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलंय. फायबर उन्हात तडकतं, म्हणून वकिलाला पहिल्याच दिवशी अर्ज करायला सांग.

फोटो मासिकाच्या पत्त्यावर पाठव, मागची बाजू नीट दिसेल असा. वागळे इस्टेटमधले फायबरवाले माझ्या ओळखीचे आहेत, त्यांना मी दाखवतो. आणि बाबांना ही खुणेची गोष्ट आज रात्रीच विचार. गाडीबद्दल बोलता बोलता चार घास जातील त्यांना.