इंजिन रंगवताना

१/२४ मापाच्या, म्हणजे खरीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या, प्रतिकृती-मोटारीचे पहिले इंजिन रंगवायला घेताना रंगाची डबी उघडण्याआधी खऱ्या इंजिनाची छायाचित्रे नीट पाहावीत. १९६६ पासून फोर्डची इंजिने निळी येऊ लागली, तर शेव्हरोलेची जुनी व्ही-८ (आठ सिलिंडरची) इंजिने नारिंगी असत, आणि हा मूळ रंगच चुकला तर पुढची मेहनत जाणकाराच्या नजरेत फिकी पडते.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे गेलेला असताना दुपारी स्प्रे मारू नये, कारण रंगाचे थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मी पहाटे, पंखा बंद ठेवून रंगवतो.

ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) पूर्ण वाळल्यावर काळसर तपकिरी रंग अगदी पातळ करून खाचांमध्ये सोडावा. मूळ रंग ॲक्रिलिक (पाण्यात मिसळणारा) असेल तर हा थर एनॅमलचा (तेली रंगाचा) घ्यावा, म्हणजे खालचा रंग सहसा विरघळत नाही.

मला सर्वांत प्रिय काम स्पार्क प्लगच्या तारांचे आहे. खरी तार साधारण ८ मिलिमीटर जाड असते, म्हणजे आपल्या मापात ती ०.३३ मिलिमीटर होते. आपल्या गावात सुती दोरा कुठेही मिळतो, पण त्याचे बारीक तंतू या मापात दोरखंडासारखे उठून दिसतात. त्याऐवजी मोटार वाइंडिंगच्या दुकानातून ०.३ मिलिमीटरची तांब्याची तार आणावी, ती आधी काळी रंगवावी आणि डिस्ट्रिब्यूटरला (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाला) ०.४ मिलिमीटरची छिद्रे पाडून एकेक टोक सावकाश बसवावे.