पोर्सलीन युरोपला इतकी शतकं का जमलं नाही?

चीनने कृती लपवून ठेवली म्हणून युरोपला पोर्सलीन, म्हणजे चिनी मातीची पातळ पांढरी भांडी, करता आलं नाही, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते गुप्ततेला फार श्रेय दिलं जातं. खरी अडचण मातीची आणि भट्टीची होती.

चीनच्या जिआंगशी प्रांतातल्या जिंगदेझेन या पोर्सलीनच्या गावाच्या परिसरात दोन्ही कच्चे माल मिळत: केओलिन ही पांढरी माती आणि पेटुन्से हा कुटून पूड करायचा दगड. केओलिन जबर आचेतही वितळत नाही, आकार धरून ठेवते. साधारण १३०० अंश सेल्सिअसला दगडातलं फेल्डस्पार हे खनिज मात्र वितळून काचेसारखं होतं आणि मातीच्या कणांमधल्या फटी बुजवतं. म्हणूनच भांडं पातळ असूनही पाणी झिरपत नाही आणि उजेड आरपार दिसतो.

दांत्रकोल या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ मध्ये तिथून सविस्तर पत्र लिहिलं. पोर्सलीनच्या इतिहासात इतकं जिवंत लिखाण मला दुसरं माहीत नाही. एकेक भांडं सत्तर कारागिरांच्या हातांखालून जातं, असं तो सांगतो. त्यातला एक किस्सा तर अख्ख्या प्रश्नाचं उत्तर आहे. काही युरोपीय लोकांनी पेटुन्से मायदेशी नेऊन पाहिलं, केओलिन मात्र नेलं नाही, आणि सगळं फसलं. ते ऐकून एक चिनी व्यापारी हसून म्हणाला, यांना हाडांवाचून नुसत्या मांसाचं शरीर हवं होतं!

त्याआधी १५७५ च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये तिथल्या सत्ताधारी मेदिची घराण्याच्या आश्रयाने पांढऱ्या मातीत काचेची पूड मिसळून प्रयत्न झाले. काही भांडी सुंदर आहेत, पण ते खरं पोर्सलीन नव्हे.

जमलं ते जर्मनीतल्या सॅक्सनीत. राजा ऑगस्टसने सोनं बनवून घेण्यासाठी ब्योटगर या किमयागाराला कैदेत ठेवलं होतं. त्याने चिर्नहाउस या शास्त्रज्ञासोबत काम करून स्थानिक केओलिनमध्ये पेटुन्सेऐवजी अलाबास्टर हा मऊ पांढरा दगड घातला आणि भट्टीची आच वाढवली. पेटुन्सेशिवायच काम झालं. १७१० मध्ये माइसेनचा कारखाना सुरू झाला, म्हणजे दांत्रकोलच्या पत्राच्या दोन वर्षं आधी.

फ्रान्सची गोष्ट उलटी. त्यांच्याच पाद्र्याची पत्रं छापून झाली होती, कृती हातात होती, तरी लिमोजजवळ १७६८ च्या सुमारास केओलिन सापडेपर्यंत त्यांना खऱ्या पोर्सलीनसाठी थांबावं लागलं.