'नाइस' म्हणजे दरवेळी 'छान' नव्हे

इंग्रजीतून मराठीत भाषांतर नुकतंच सुरू केलंयत, म्हणून आधी एकाच विशेषणाबद्दल सांगतो: नाइस. दिसेल तिथे 'छान' लिहून पुढे जाऊ नका.

याचं मूळ लॅटिन 'नेस्कियस', म्हणजे अजाण. 'ने' हा नकार, 'स्किरे' म्हणजे जाणणं. जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास तो इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख! पुढे तो लाजरा, नखरेल, चोखंदळ, काटेकोर असा सरकत गेला आणि 'सुखद' हा अर्थ अठराव्या शतकात रुळला. म्हणून जुना मजकूर हाती आला की आधी त्याचं साल पाहा. काटेकोरपणाची छटा आजही जिवंत आहे: 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे बारीक, सूक्ष्म भेद. इथे 'छान भेद' लिहिलंत तर वाक्यच मेलं.

आजच्या वापरात माणूस नाइस असेल तर मनमिळाऊ, हवा असेल तर प्रसन्न. 'नाइस अँड वॉर्म' मध्ये तो फक्त जोर देतो. 'मस्त ऊबदार' पुरे.

आपल्या बडोद्यात आणखी एक जपायला हवं. गुजराती 'सरस', म्हणजे छान, आपल्या तोंडात बसलाय. दांडिया बाजारात खुशाल बोला, पण मराठीत 'सरस' म्हणजे दुसऱ्यापेक्षा वरचढ. 'सरस मुलगी' वाचून पुण्याचा वाचक विचारेल, कुणापेक्षा?

मात्र 'छान' मुद्दाम टाळायचा हट्टही मला पटत नाही. बोलणारा नुसत्या सौजन्याने नाइस म्हणत असेल, तर तिथे 'छान'च ठेवा.