फ्लॅट मोठा मिळेल, पण त्यात राहणे परवडेल का?

प्रश्न : गिरगावातील एका जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) चाळीत आम्ही पागडीचे भाडेकरू आहोत. खोली १८० चौरस फुटांची, संडास गॅलरीच्या टोकाला सामायिक. मालकाने आणलेला विकासक ४०५ चौरस फुटांचा फ्लॅट देऊ करतो आहे. काही भाडेकरू मात्र ५२५ फुटांसाठी अडून बसले आहेत. आम्ही दोघे पेन्शनवर राहतो. संमतिपत्रावर सही करावी का? आणि पुनर्विकासानंतर चाळ एकत्र राहील का?
– एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३ (७) या तरतुदीनुसार उपकरप्राप्त इमारतीतील निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे (भिंतींच्या आतील वापरण्याजोग्या जागेचे) घर मिळते आणि योजनेसाठी ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरेशी ठरते. त्यामुळे एकट्याने नकार देऊन काम अडत नाही; जे मागायचे ते संमतिपत्रे गोळा होत असतानाच, चारचौघांनी मिळून मागावे, कारण तोवरच भाडेकरूंच्या शब्दाला वजन असते.

आपल्या पत्रात चौरस फुटांचा हिशेब आहे, मेंटेनन्सचा नाही, आणि बहुतेक चाळींच्या बैठकांतही असेच घडते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांचा मालमत्ता कर २०२२ पासून माफ आहे. ५२५ फुटांचा हट्ट धरणारे या सवलतीवर पाणी सोडत आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही. आज आपण नाममात्र भाडे भरता. उद्याच्या उंच इमारतीत लिफ्ट, पाण्याचे पंप, अग्निशमन यंत्रणा, जिन्यातले दिवे आणि पहारेकरी या सर्वांचा खर्च दरमहा वाटून घ्यावा लागेल. दहा वर्षांच्या देखभालीसाठी विकासकाने कॉर्पस फंड, म्हणजे राखीव निधी, उभारण्याची तरतूद नियमांत आहे; तो किती असेल, कोणाच्या नावे ठेवला जाईल आणि विकासक बाहेरच्यांना विकणार त्या इमारतीतील जिम व तरणतलावाचा खर्च आपल्या माथी येणार नाही ना, हे लेखी घ्यावे. दहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न पेन्शनवाल्यांनी तरी आजच विचारायला हवा.

चाळ एकत्र राहील का, याचे उत्तर नव्या इमारतीपेक्षा मधल्या वर्षांवर अधिक अवलंबून आहे. विकासकाच्या भाड्यात गिरगावात घर मिळणे कठीण असल्याने माणसे विरार-डोंबिवलीकडे जातात, मुलांच्या शाळा बदलतात आणि काम रखडले की काही जण परततच नाहीत. गोरेगावच्या सिद्धार्थनगरातील, म्हणजे पत्राचाळीतील, ६७२ कुटुंबांचा करार २००८ मध्ये झाला. पुढे विकासकाकडून मिळणारे भाडे बंद पडले, प्रकल्प रखडला आणि अखेर म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, तो ताब्यात घ्यावा लागला. म्हाडाच्या संक्रमण शिबिरांतही तात्पुरती म्हणून गेलेली कुटुंबे दशकानुदशके राहिली आहेत. म्हणून भाड्याचे आगाऊ धनादेश, दरवर्षीची वाढ, दलाली व सामान हलवण्याचा खर्च आणि भाडे थकल्यास वसूल करता येईल अशी बँक हमी, या मागण्यांवर चटई क्षेत्राइतकाच जोर द्यावा.

शेजार टिकवायचा असेल तर आणखी एक गोष्ट करता येईल. फ्लॅटची सोडत प्रत्येक भाडेकरूची स्वतंत्र न काढता गॅलरीनिहाय गट करून काढावी, म्हणजे एका गॅलरीतील बिऱ्हाडे शक्यतो एकाच मजल्यावर येतील. हे कायद्याने बंधनकारक नाही, पण आधी ठरवून घेतल्यास विकासकाला त्यात फारसा तोटाही नाही. गणपतीसाठी आणि सत्यनारायणाच्या पूजेसाठी आज चौक आहे. नकाशात त्याच्या जागी केवळ वाहनतळ आहे का, तेही पाहावे. गिरगावातच केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणेशोत्सव होतो आहे, तेव्हा ही मागणी कोणाला चैनीची वाटू नये.

सहीला आमचा विरोध नाही; सामायिक संडासासाठी या वयात गॅलरीभर चालत जाण्यात कसले आले वैभव? मात्र संमतिपत्रापूर्वी पर्यायी घराच्या कराराचा मसुदा हाती घेऊन आपल्या वकिलाकडून वाचून घ्यावा, आणि मजला, फ्लॅट क्रमांक व नकाशा असलेला हा करार नोंदणीकृत झाल्याखेरीज खोलीची किल्ली देऊ नये.